गाळलेली ओळ

३ फेब्रुवारी

चिमण,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच टाकून देशील, म्हणून पत्ता टंकून चिकटवला आहे. फसलास. आता फोडलंच आहेस तर वाच.

समेट करायला लिहीत नाही, घाबरू नकोस. अकरा वर्षांचं भांडण चार ओळींत मिटवण्याइतकं माझं गद्य चांगलं नाही. काम आहे म्हणून लिहिते. काम असं, की तू डोळे तपासून घे. नुसता चष्म्याचा नंबर नाही. डोळ्यामागच्या नसेचं यंत्रावर चित्र काढतात, ते काढून घे.

झालं असं, की गेल्या महिन्यात मला प्रुफातल्या तळटिपा दिसेनाशा झाल्या. म्हटलं, नंबर वाढला असेल. चोपन्नाव्या वर्षी माणसाचं दुसरं काय वाढणार! चष्मेवाल्याने डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, "बाई, चष्मा मी करून देतो, पण आधी डॉक्टरांना दाखवा." दुकानदार आपण होऊन गिऱ्हाईक परत पाठवतो तेव्हा प्रकरण साधं नसतं, एवढं अनुमान मलाही करता येतं.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीसारख्या, पण प्रश्न विचारतात उलटतपासणीच्या वकिलासारखे.

"घरात कुणाला काचबिंदू?"

"नाही. वडिलांना मोतीबिंदू होता."

"ऑपरेशन केलं?"

"केलं."

"मग दिसायला लागलं?"

"नाही. सर्जन वाईट निघाला."

"कडेने येणारं दिसायचं त्यांना? दाराची चौकट वगैरे लागायची?"

नानांच्या डाव्या दंडावर कायम एक निळा डाग असायचा, आठवतो? तू घरात होतास तेव्हापासूनचा. एक विरायचा तोवर दुसरा उमटायचा. आणि आपण दोघं हसायचो, की नानांना स्वतःच्याच घराची दारं अरुंद पडतात.

मग यंत्र. हनुवटी एका खाचेत ठेवायची, कपाळ पट्टीला टेकवायचं. यंत्रावरच्या बाई म्हणाल्या, "आत हिरवी फुली दिसते? तिच्याकडेच बघा. पापणी हलवू नका." एक लाल रेघ वरून खाली सरकली, आपण प्रुफावर पट्टी सरकवतो तशीच. सुई नाही, दुखणं नाही. तीन-चार सेकंदांत माझी चोपन्न वर्षं वाचून झाली.

निघालेल्या कागदावर दोन गोल होते, भोवती हिरवा, पिवळा आणि लाल रंग. नसेच्या तंतूंचा थर किती जाड आहे ते मायक्रॉनमध्ये लिहितात. एका मिलिमीटरचे हजार मायक्रॉन. माझा उजवा डोळा शहाऐंशी, डावा बहात्तर. डाव्यात खालच्या अंगाला एक लाल पाचर.

"ही नस म्हणजे लाखो तारांची जुडी," बाई म्हणाल्या. "तुमच्यातल्या काही गेल्यात."

"पण मला तर सगळं दिसतं!"

"दिसणारच. सुरुवातीला मेंदू सांभाळून घेतो. तुमचं तुम्हाला कळेपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो. म्हणून तर आधी चित्र काढायचं."

"गेलेल्या तारा?"

"परत येत नाहीत. उरलेल्या राखायच्या. रोज एक थेंब, न चुकता." मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "भावंडं किती?"

"एक. धाकटा भाऊ."

"त्याला आजच कळवा. सख्ख्या भावंडांना धोका इतरांपेक्षा कितीतरी पट असतो."

"आजच जमेलसं वाटत नाही."

"का? फोन नाही?"

"फोन आहे. बोलणं नाही."

हे त्यांनी केसपेपरवर लिहिलं नाही, एवढ्या त्या सभ्य आहेत.

संस्कृत लौकिक न्यायांतला कावळा आठवतो का? मी पाठ करायचे आणि तू खिडकीत बसून काव काव करायचास, तोच. त्याला म्हणे बुबुळ एकच. तेच तो गरजेप्रमाणे दोन्ही खोबणींत फिरवतो. आपलं घराणं कावळ्याचं दिसतं. दोष एकच, पाळीपाळीने सगळ्यांच्या डोळ्यांत. नानांची पाळी झाली, माझी चालू आहे. तुझी आली की नाही, ते तीन सेकंदांत कळेल.

एवढंच.

अक्का

ता. क. असलं यंत्र आता सगळ्या मोठ्या शहरांत असतं. तुझं शहर मोठं आहे. सबब चालणार नाही.


१९ फेब्रुवारी

चिमण,

तुझ्या बायकोचा फोन आला. तिच्यावर चिडू नकोस. दोन्हीकडच्या टपालाचं ओझं एकटी वाहते बिचारी.

तुझं उत्तर तिने शब्दशः सांगितलं: "अकरा वर्षांपूर्वी तिने माझ्या डोळ्यांत दोष काढला. तोच आता यंत्र लावून काढायचाय तिला." वाक्य उत्तम आहे. मी तीनदा ऐकवून घेतलं, एकही शब्द गाळण्याजोगा सापडला नाही.

तिने आणखीही सांगितलं. तुझ्या गाडीचा डावा आरसा सहा महिन्यांत दोनदा फुटला. परवा कुणी गाडी शिकायला आलेली बाई चालवत होती, तू शेजारी बसून सूचना देत होतास, आणि डावीकडून आलेला सायकलवाला तुला दिसलाच नाही. ब्रेक तिने दाबला. वर तिलाच रागावलास, न विचारता ब्रेक का दाबलास म्हणून! वा रे गुरुजी! आजवर शिष्य गुरूला दक्षिणा देत. तुझ्या शाळेत डोळेही तेच पुरवतात.

परवाना जाईल ही भीती तुला आहे, असं तुझी बायको म्हणते. तू तसं म्हणाला नाहीस, पण तिला म्हणे तुझ्या पाठीवरून कळतं.

तेव्हा त्या दिवसाबद्दल मी बोलतेच. इतकी वर्षं आपण त्याला वळसा घालून गेलो.

छापखान्यातली आपली ती मागची खोली. तू मूळ प्रत हातात घेऊन मोठ्याने वाचायचास, मी समोर प्रूफ घेऊन ओळीवर ओळ लावायचे. तू एक ओळ वाचायचास, टिंब आणि स्वल्पविरामासकट. ती प्रुफात जशीच्या तशी दिसली की मी "हं" म्हणायचे. "हं" आल्याशिवाय तू पुढची ओळ वाचायची नाही. नाना तिथले मुख्य मुद्रितशोधक, त्यांचा नियमच होता. ते म्हणायचे, "सही कागदाच्या तळाशी असते, हं ओळीच्या. दोन्हींची किंमत एकच."

घरगुती औषधांची ती हस्तपुस्तिका. "दोन वर्षांखालील मुलांना हे औषध देऊ नये," ही ओळ प्रुफात गळली होती आणि आपल्या दोघांच्या हातांखालून ती तशीच गळून गेली. पुस्तकं बाहेर पडली. एका परिचारिकेच्या ध्यानात आलं म्हणून कुणाचं मूल दगावलं नाही. सगळी आवृत्ती परत मागवून तिचा लगदा केला. मालकांनी नानांना विचारलं, नानांनी आपल्याला.

तू म्हणालास, "मी ओळ वाचली होती. अक्का हं म्हणाली."

मी म्हणाले, "ती ओळ त्याने वाचलीच नाही, नाना."

आणि नाना तुला म्हणाले, "डोळे आहेत की भोकं?" सगळ्या कामगारांदेखत. संध्याकाळी तुझी पेटी दारात होती.

आता ऐक. बाई म्हणतात, नसेतले तंतू गेले की नजरेत भोकं पडतात, पण ती काळी दिसत नाहीत. मेंदू आजूबाजूचं पाहून ती जागा स्वतःच भरून टाकतो. म्हणजे असं झालं असेल: तू ओळ वाचलीस, बरोबरच वाचलीस. प्रुफात ती नव्हती. माझ्या डाव्या डोळ्याला तेव्हाच भोक पडलेलं असणार, आणि मेंदूने तुझ्या आवाजातली ओळ उचलून त्या जागी बसवली. मला ती दिसली! म्हणून मी "हं" म्हणाले, आणि मागाहून पाहिलं तर ओळ नाही, तेव्हा मला वाटलं, तू वाचलीच नसशील. तू निर्दोष, मीही निर्दोष, अपराधी ती नस. इतका सर्वांना सोयीचा निकाल कुठल्याच न्यायाधीशाने दिला नसेल.

पाच मार्चला माझी दुसरी तपासणी आहे, नजरेची कक्षा मोजायची. भोक किती मोठं आहे ते तीत कळतं. कागद हातात आला की तुला पाठवते, मग तूही जा. कुणी तुझ्या डोळ्यांत दोष काढत नाही. दोष माझ्या डोळ्यात होता, एवढं सिद्ध व्हायची वाट पाहते आहे.

आजार बाहेर पडावा म्हणून उत्सुक असलेली पेशंट त्या दवाखान्याने माझ्याआधी पाहिली नसावी.

अक्का


६ मार्च

चिमण,

तपासणी झाली.

एका पांढऱ्या घुमटात डोकं घालून बसायचं. एक डोळा झाकलेला. घुमटात कुठेही एक ठिपका लुकलुकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. काही ठिपके इतके पुसट असतात की दिसला की भास झाला, हेच कळत नाही. यंत्रावरच्या बाई म्हणाल्या, "घाबरू नका, सगळे कुणालाच दिसत नाहीत."

मी प्रामाणिकपणे दाबलं. खरं तर डाव्या डोळ्याच्या वेळी मनात आलं होतं, की दोन-चार सोडून द्यावेत. सोडले नाहीत. यंत्र मधूनच ठिपका न दाखवता नुसताच आवाज करतं आणि खोटं बटण दाबणाऱ्याला पकडतं, असं त्या म्हणाल्या होत्या. मग न दाबणाऱ्यालाही पकडत असेल, असं मला वाटलं.

निकाल: दोन्ही डोळे पूर्ण. कुठेही भोक नाही.

डॉक्टरीणबाई खूश. "बघा, किती लवकर सापडलं! चित्रात दिसायला लागलंय, नजरेत अजून उतरलेलं नाही. थेंब घाला, आयुष्यभर प्रुफं तपासाल."

मी विचारलं, "अकरा वर्षांपूर्वी भोक असेल का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आज नाही, मग तेव्हा कुठून असेल?"

"असेल आणि नंतर भरून आलं असेल."

"अहो, पहिल्या दिवशीच सांगितलं ना? गेलेलं परत येत नाही. आज सगळं आहे, म्हणजे तेव्हाही सगळं होतंच. तुम्ही संस्कृतवाल्या, तर्कशास्त्र मी का तुम्हाला शिकवायचं?"

गेलेलं परत येत नाही. आज आहे. म्हणून तेव्हाही होतं. या अनुमानात मी रस्ताभर खोट शोधत आले. बसथांब्यावर दोन बस सोडल्या. खोट नाही.

वाचतो आहेस ना? तू वाच, चिमण. आणि तपासून घे. कारण

शाई संपली. थांबते.


७ मार्च

चिमण,

शाई संपली नव्हती.

त्या दिवशी सकाळच्या टपालाने माझ्या पहिल्या लेखाचं प्रूफ आलं होतं. मासिकाचं, चार पानी. जुन्या टीकाकारांच्या वादावर मी लिहिलं होतं; तुला दाखवलंही नव्हतं, तू पहिल्याच शब्दाला काव केलं असतंस. पहिल्यांदाच कुठेतरी माझं नाव छापून येणार होतं. दुपारपर्यंत दम निघेना. हस्तपुस्तिकेचं प्रूफ मी टेबलावर ठेवलं आणि त्याच्यावर, तुला समोरून दिसणार नाही असं, माझं प्रूफ. तू औषधं वाचत होतास आणि मी माझे परिच्छेद. तुझा आवाज ओळीच्या शेवटी खाली उतरायचा. तो उतरला की मी "हं" म्हणायचे. त्यासाठी डोळ्यांची गरज नव्हती, कानांची होती. किती पानं अशी गेली, सांगता येणार नाही. दहा तरी.

माझ्या लेखात मी त्या दुपारी सात चुका काढल्या. निर्दोष छापून आला. कुणीही वाचला नाही.

नानांनी विचारलं तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. तू वाचली नसशील असं मला क्षणभरही वाटलं नव्हतं. गेल्या पत्रात मी तसं लिहिलं ते खोटं. तू ओळ वाचली होतीस. ती वाचतानाचा तुझा आवाज मला आजही ऐकू येतो. "देऊ नये"वर तू जरा थांबला होतास, कारण तुझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. आणि त्या थांबण्यातच मी "हं" म्हणाले.

मी खरं बोलले असते तर काय झालं असतं? नाना रागावले असते. आठवडाभर बोलले नसते. माझी पेटी काही दारात आली नसती, लाडकी होते. तुला त्यांनी ज्या जागी उभं केलं, तिथे मला केलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी बोलले नाही. यासाठी कुठल्याच यंत्रात चित्र निघत नाही.

नानांचं शेवटचं वर्ष तुला कुणी सांगितलं नसेल. त्यांना मधलं तेवढं दिसायचं, किल्लीच्या भोकातून पाहावं तसं. मग तेही गेलं. संध्याकाळी मला म्हणायचे, "वाच काहीतरी." मी वाचायचे. थोडं ऐकायचे आणि म्हणायचे, "तू वाचतेस चांगलं. पण ओळ कुठे संपली ते कळत नाही. तो वाचायचा तसं वाच." मी प्रयत्न करायचे, चिमण. ओळीच्या शेवटी आवाज खाली आणायचे. ते मान हलवायचे. "हं" एकदाही म्हणाले नाहीत. सांगायला माझ्याकडे वर्षभराच्या संध्याकाळी होत्या. मी पानं उलटत राहिले.

ते गेले तेव्हा तू एक दिवस आलास आणि दारातूनच परत फिरलास. मी आतल्या खोलीत होते. तू बूटही काढले नव्हतेस, हे मला पडद्यामागून दिसलं. दिसत सगळं होतं, म्हटलं ना.

माफी मागायला हे लिहीत नाही. माफी दिलीस तर ती मला उपयोगी पडेल, तुला नाही. तुला उपयोगी पडेल असं माझ्याकडे एकच आहे, ते देते. तुझ्या डोळ्यांत दोष कधीच नव्हता. तेव्हा नव्हता. नाना चुकले, कारण त्यांना मी चुकायला लावलं. म्हणून आज कुणी म्हणालं, "डोळे दाखव," तर ते तुला त्या दिवसाचं बोलणं वाटू देऊ नकोस. ते वाक्य तुझ्यासाठी नव्हतंच. ते माझ्या नावचं होतं, चुकीच्या पत्त्यावर पडलं. आता माझ्याकडे घेतलं आहे.

रिकाम्या हाताने जा. हनुवटी टेकव. हिरवी फुली दिसेल.

अक्का

ता. क. या पत्राची एक प्रत मी छापखान्याच्या मालकांना दिली. ते आता ऐंशीचे आहेत. वाचून म्हणाले, "बाई, आता कशाला?" मी म्हटलं, शुद्धिपत्र उशिरा लागलं तरी लावायचं असतं. त्यांनी ते त्या हस्तपुस्तिकेच्या फायलीत लावलं, तुझ्या नावाच्या ठपक्याच्या कागदावर. फाइल अजून होती.


११ एप्रिल

चिमण,

तुझं पाकीट काल आलं. पत्ता तुझ्या अक्षरात, टंकून नाही. आत पत्र नाही. उलटंसुलटं करून पाहिलं, झटकूनही पाहिलं. वयाप्रमाणे माणूस बावळट होतो. आत एकच कागद. दोन गोल, भोवती रंग.

मी तो टेबलावर ठेवला. त्याच्यावर दुसरं काही ठेवलं नाही. मग पट्टी घेतली आणि मोठ्याने वाचला, मागच्या खोलीत, एकटीने, ओळीवर ओळ. उजवा डोळा: एक्क्याण्णव. हिरवा. डावा डोळा: सदुसष्ट. वरच्या अंगाला पिवळा. खालच्या अंगाला लाल. तिथे थांबले. पाणी प्यायले. पुन्हा तिथूनच वाचला. सदुसष्टच होता.

डॉक्टरीणबाईंना नेऊन दाखवला. त्यांनी माझा कागद काढून शेजारी ठेवला. लाल पाचर दोन्हींकडे एकाच जागी. "भावंडं शोभता," त्या म्हणाल्या. तुझं माझ्यापेक्षा पुढे गेलं आहे. डावीकडचं थोडं नजरेतूनही गेलं असेल, ते येणार नाही. पण उजवा डोळा भक्कम आहे, आणि आत्ता धरलं तर डावाही इथेच थांबवता येईल, असं त्या म्हणतात. "सहा महिने आणखी गेले असते तर मी असं म्हणाले नसते." मी त्यांना विचारलं, गाडी शिकवता येईल का. म्हणाल्या, ते तिथले डॉक्टर कक्षा मोजून सांगतील. पण दोन्ही डोळे मिळून पुष्कळ भागतं. तेव्हा पाठीला सांग, ताठ हो.

हे सगळं तुला तिथे कुणी सांगितलंच असेल. तरी लिहिलं, कारण खरं सांगायचं आहे ते या कागदाच्या तळाशी आहे. रंगांच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, प्रुफाच्या लाल पेन्सिलीने तू एक अक्षर लिहिलंस. तसली पेन्सिल अकरा वर्षं जपून ठेवली होतीस की विकत आणलीस, हे विचारणार नाही.

हं.

आधी मला वाटलं, चुकून उमटलं असेल. मग वाटलं, टोमणा आहे. मग पट्टी त्याच्याखाली धरून पुन्हा पाहिलं. ओळीच्या शेवटी, जिथे असायला हवा तिथेच होता.

म्हणजे या वेळी मी वाचते आहे आणि तू लावून घेतो आहेस. नियम तोच. हं आला की पुढची ओळ.

वाचते. थेंब रोज एकाच वेळेला घालायचा, टिंब. घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून ठेवायचा, टिंब. मी संध्याकाळी सात वाजता घालते, स्वल्पविराम, तेव्हा तुझ्याकडेही दिवस मावळत असेल, टिंब.

इथे थांबते.

अक्का